मायामी ते की लार्गो: पहिल्या पोकर रनला जाण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यंदा २९ फुटी, स्टेप हलची (तळाला आडव्या पायऱ्या असलेली) सेकंडहँड सेंटर कन्सोल बोट, म्हणजे चालकाची जागा मधोमध असलेली, घेतलीत, मागे ३०० हॉर्सपॉवरची दोन आउटबोर्ड इंजिनं आहेत. मरीनातली मंडळी नोव्हेंबरात फ्लोरिडातल्या मायामीहून की लार्गो बेटापर्यंतच्या पोकर रनला चला म्हणून मागे लागली आहेत. ही शर्यत असते का, आपली बोट त्यात शोभेल का, बायकोला आणि नऊ वर्षांच्या मुलीला न्यावं का, आणि तयारी काय करावी?

मी दक्षिण फ्लोरिडात बावीस वर्षं अशाच बोटींचं रिगिंग करतो. म्हणजे इंजिनं बसवणं, स्टिअरिंग आणि ट्रिम (इंजिनाचा वर-खाली कोन) जुळवणं, योग्य पंखा निवडणं. प्रॉपेलरला मी अजून पंखाच म्हणतो. आजोबा अलिबागजवळ थळचे तांडेल होते, त्यांच्या तोंडून हाच शब्द ऐकत मोठा झालो. अशा रनमध्ये मी तीसेक वेळा तरी गेलो असेन, कधी स्वतःच्या बोटीतून, कधी गिऱ्हाइकाच्या.

आधी सरळ उत्तर. जरूर जा. बोट पुरेशी आहे. मात्र वहिनींना आणि मुलीला पहिल्या खेपेला बोटीतून नेऊ नका, गाडीने की लार्गोला पाठवा. हे का म्हणतो ते ओघात येईलच.

पोकर रन ही शर्यत नाही. मोटरसायकलवाल्यांकडून आलेला हा खेळ आहे. ठरलेल्या पाच थांब्यांवर पत्त्यांतलं एकेक पान मिळतं आणि शेवटी ज्याच्या हातात सगळ्यांत चांगली पानं, तो जिंकतो. दीड हजार हॉर्सपॉवरची बोट घेऊन पहिला पोहोचलेला माणूस दोन दुर्र्यांवर हरतो आणि सगळ्यांत मागून आलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला फुल हाउस लागतो, हे मी पाहिलंय. छोट्या मित्रमंडळींच्या रनमध्ये तर पत्ते निमित्तालाच असतात. सकाळी एकत्र निघायचं, दुपारी एकत्र जेवायचं, संध्याकाळी एकत्र परतायचं. मोठ्या प्रमाणावर बघायचं असेल तर फ्लोरिडा पॉवरबोट क्लब १९९३ पासून अशा रन भरवतो. नोव्हेंबरातली त्यांची की वेस्टची रन या छंदातली मोठी जत्राच आहे. ज्यांना खरोखर वेग मोजायचा असतो त्यांच्यासाठी मिझुरीत लेक ऑफ द ओझार्क्सला ऑगस्टमध्ये शूटआउट होतो. तिथे एकेक बोट एकटी धावते, मैलभराच्या मोकळ्या पट्ट्यावर, आणि २०१४ मध्ये तिथे ताशी २४४ मैलांची नोंद झाली आहे.

हा फरक मनात पक्का बसवा. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोटच्या शर्यती झाल्या तेव्हा घरच्यांनी मला फोन करून विचारलं होतं, तू हेच करतोस का? नाही. शर्यतीत पाणी बंद केलेलं असतं, सगळे एकाच दिशेने धावतात, चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असतं, बचावपथक दहा सेकंदांवर उभं असतं. आपल्या रनमध्ये यातलं काहीही नसतं. पाणी सगळ्यांचं असतं. समोरून कायाकवाला येतो, गळ टाकून बसलेले बापलेक असतात, शिडाची बोट आडवी जात असते. म्हणून शर्यतीतल्या सवयी इथे आणणारा माणूस मला ताफ्यात नको वाटतो, मग तो कितीही कसबी असो.

सकाळी चालकांची बैठक होते तेव्हा बोटींचे वेगाप्रमाणे गट पाडतात. तुमची बोट शांत पाण्यात, अर्ध्या टाकीवर ६५ मैलांच्या आसपास जाईल. तुम्ही ६५ च्या गटात नाव देऊ नका. पन्नासच्या गटात द्या. बोटीचा कमाल वेग हा तिच्या सगळ्यात चांगल्या दिवसाचा वेग असतो. ताफ्यात तो दिवस कधीच नसतो, कारण पाणी तीस बोटींनी घुसळलेलं असतं, टाकी भरलेली असते, डब्यात बर्फ आणि बोटीत माणसं असतात. ज्याच्या हातात पंधरा मैल शिल्लक आहेत तो आजूबाजूला बघत चालवतो. ज्याच्या हातात काहीच शिल्लक नाही तो फक्त पुढच्याच्या मागचा भाग बघतो. बैठकीत आणखी दोन गोष्टी विचारून घ्या: रेडिओवर आपसात बोलायचं चॅनल कोणतं, आणि थांबताना हाताची खूण काय. प्रत्येक टोळीच्या खुणा वेगळ्या असतात. बोलायचं चॅनल कुठलंही ठरो, १६ नंबर, म्हणजे संकटाच्या हाकेचं चॅनल, ऐकत राहायचंच.

सगळ्यात वाईट पाणी निघाल्यावर पहिल्या पाच-सात मिनिटांत लागतं, हे नवख्याला कोणी सांगत नाही. रिकनबॅकर पुलाच्या खालच्या अंगाला सगळे रांगेत, हळू, पेस बोटीच्या (सगळ्यांना वेग ठरवून देणाऱ्या पुढच्या बोटीच्या) मागे उभे असतात. जवळच व्हर्जिनिया कीवर मायामी मरीन स्टेडियम आहे. पॉवरबोटींच्या शर्यती बघण्यासाठी १९६३ मध्ये बांधलेलं आणि १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर बंद पडलेलं ते काँक्रीटचं छप्पर अजून उभं आहे, मी तिथून जाताना दर वेळी त्याकडे बघतो. मग निशाण खाली पडतं आणि तीस जण एकदम थ्रॉटल, म्हणजे वेगाचा दांडा, पुढे ढकलतात. प्रत्येक बोट प्लेनवर येताना, म्हणजे उचलली जाऊन पाण्यावरून घसरू लागताना, आपल्या मागे सगळ्यात मोठी लाट टाकते. त्या तीस लाटा एकमेकींना कापतात आणि पाण्याला काही ताल राहत नाही. वरून व्हिडिओ काढणारं हेलिकॉप्टर खाली आलेलं असतं आणि त्याकडे बघायचा मोह होतो.

त्या क्षणी तुम्ही गटाच्या कडेला आणि मागे राहा. दहा सेकंद जाऊ द्या, मग थ्रॉटल द्या. पुढचा निसटला तर निसटू दे, दोन मैलांवर पाणी निवळतं आणि सगळे पांगतात. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट. पुढच्या बोटीत आणि तुमच्यात किमान दहा सेकंदांचं, म्हणजे नऊशे फुटांच्या आसपास अंतर हवं, आणि तेही तिरकं, तिच्या थेट मागे कधीच नाही. तिच्यातून माणूस पडला, किंवा तिचं इंजिन गचकलं, तर तुम्हाला वळायला जागा पाहिजे. ओव्हरटेक करायचं तर चांगलं लांबून करा आणि पुढे गेल्यावर लगेच तिच्या रेषेत येऊ नका. आणि थ्रॉटल खाली घेण्याआधी मागे बघा. गाडीत ब्रेकचा लाल दिवा लागतो तसं बोटीत काही लागत नाही. ताफ्यात वेग वाढवणं कोणालाही जमतं. वेग कधी आणि कसा कमी करायचा, ते जमलं की मंडळी तुम्हाला पुन्हा बोलावतात.

आता लाटेबद्दल, कारण ती मला महागात पडली आहे. २००९ मध्ये बिस्केन बेमध्ये अशाच एका रनला मी माझ्या २७ फुटी बोटीत होतो, शेजारी बायको. पाणी सपाट होतं, ट्रिम वर घेतलेला, म्हणजे नाळ (बोटीचं पुढचं टोक) उचललेली, बोट हलकी होऊन पळत होती. डावीकडून एक मोठी मासेमारीची यॉट गेली. तिची लाट मला दिसली होती. साठने ती ओलांडता येईल असं मला वाटलं. नाळ वर गेली, वाऱ्याने धरली, आणि बोट उजव्या कडेवर आपटली. बायकोचा हात समोरच्या दांडीवर होता. मनगट मोडल्याचा आवाज मी इंजिनांच्या आवाजातही ऐकला.

करायला काय हवं होतं ते आता रोज गिऱ्हाइकांना सांगतो. लाट दिसली की आधी वेग ४० च्या खाली, मग ट्रिम मधल्या जागी, आणि लाट तिरकी घ्यायची, सरळ काटकोनात नाही आणि समांतरही नाही. बोटीतल्यांना मोठ्याने सांगायचं: लाट आहे. माणसाला दोन सेकंद मिळाले तर तो गुडघे वाकवतो आणि निम्मा धक्का पायच खातात.

पण त्या दिवशी पुढे जे झालं त्यामुळेच मी हा छंद सोडला नाही. मी थांबल्याचं मागच्या बोटीने पाहिलं आणि रेडिओवर सांगितलं. दोन मिनिटांत चार बोटी आमच्याभोवती उभ्या राहिल्या, इतरांच्या लाटा आम्हाला लागू नयेत म्हणून वाऱ्याच्या बाजूला आडव्या. त्यातल्या एकीवर इस्पितळातली नर्स होती. ती आमच्या बोटीत उतरली, मासिकाची गुंडाळी करून टेपने हात बांधला आणि किनाऱ्यापर्यंत शेजारी बसून आली. त्या चारही बोटींनी त्या दिवशीचे पत्ते सोडले. त्यातल्या एकाशी माझं आजही रोजचं बोलणं आहे. समुद्रात कोणी अडकलं तर आजोबांच्या गावचे लोक जाळं तसंच टाकून निघत. तीच रीत इथे, हजारो मैलांवर, फायबरग्लासच्या बोटींत दिसली.

तुमच्या बोटीचा तळ समजून घ्या. तिचा तळ इंग्रजी व्हीसारखा खोल असणार. या आकाराची कथा इथलीच आहे. १९६० च्या मायामी-नसाऊ शर्यतीत डिक बर्ट्राम 'मॉपी' नावाची लाकडी बोट घेऊन उतरला. तिचा तळ रे हंटने काढलेला, शेवटपर्यंत जवळजवळ २४ अंशांचा उतार ठेवलेला. त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. मॉपी आठ तासांत पोहोचली आणि बाकीच्या बहुतेक बोटी दुसऱ्या दिवशी आल्या. पुढे डॉन ॲरोनाऊने उत्तर मायामीतल्या १८८ व्या रस्त्यावर याच आकारावर फॉर्म्युला, डॉन्झी, मॅग्नम आणि सिगारेट अशा एकामागून एक कंपन्या उभ्या केल्या. १९८७ मध्ये त्याच रस्त्यावर त्याचा खून झाला. आज त्या जागी उंच इमारती आहेत.

तुमच्या तळाला याशिवाय आडव्या पायऱ्या आहेत. त्यांच्यामागे हवा शिरते, पाण्याला चिकटलेला भाग कमी होतो, त्याच इंजिनांत वेग आणि मायलेज दोन्ही वाढतं. किंमत वळणात मोजावी लागते. ट्रिम पूर्ण आत घेतलेला, नाळ पाण्यात रुतलेली, वेग जास्त, आणि घाबरून वळणाच्या मध्यात थ्रॉटल एकदम खाली ओढला, की नाळ जागच्या जागी अडकते आणि मागचा भाग भोवऱ्यासारखा फिरतो. माणसं बाहेर फेकली जातात ती यातच. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा, ट्रिम मधल्या जागी ठेवायचा, चाक हळू फिरवायचं आणि वळणात थ्रॉटल स्थिर. हे ताफ्यात शिकायचं नाही. आधी दोन-तीन रविवार मोकळ्या पाण्यात एकट्याने शिका, ३० मैलांपासून सुरुवात करून.

वाट आतून आहे: बिस्केन बे, कार्ड साउंड, बार्न्स साउंड आणि मग ज्यूफिश क्रीक. साधारण ४५ मैल. बे रुंद दिसतो पण बहुतेक ठिकाणी खोली सहा ते दहा फूट, आणि फेदरबेड बँकपाशी त्याहून कमी. तिथे खुणांच्या मधूनच जायचं, पुढच्या बोटीचं बघून कधीही नाही, कारण तिचा पंखा तुमच्यापेक्षा वर असू शकतो. पाणी तपकिरी दिसलं तर खाली गवत आहे असं समजा. ते गवत पंख्याने कापलं तर भरायला वर्षानुवर्षं लागतात आणि नॅशनल पार्कच्या हद्दीत त्याचा दंडही बसतो. मॅनटी या संथ समुद्री प्राण्यासाठी राखलेल्या हद्दीत पाटीवर लिहिलेला वेग म्हणजे तोच वेग, ताफा असो वा नसो. आमच्या छंदाचं नाव सगळ्यात जास्त खराब होतं ते अशा हद्दीत लाटा उडवणाऱ्यांमुळे.

नोव्हेंबरात उत्तरेकडून थंड हवेचे झोत येतात. सकाळी जाताना वारा पाठीवर असतो, सगळं छान वाटतं. दुपारी तोच वारा तोंडावर घेऊन परतायचं असतं, दोन-अडीच फुटांच्या आखूड लाटांवरून. सकाळच्या वेगाने परतीचा हिशोब करू नका.

पेट्रोलचं गणित असं. पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलवर दर हॉर्सपॉवरमागे तासाला अर्ध्या पौंडाच्या आसपास इंधन खातं आणि गॅलनभर पेट्रोल सुमारे ६.१ पौंड भरतं. तुमची ६०० हॉर्सपॉवर म्हणजे तासाला ४९ गॅलन. क्रूझिंगला गॅलनमागे दीड मैल धरा. जाऊन-येऊन ९० मैलांना ६० गॅलन लागले. जायला एक भाग, यायला एक भाग, एक भाग राखीव, हा जुना नियम लावला तर ९० गॅलन टाकीत हवेत. आदल्या दिवशी संध्याकाळी भरा, रनच्या सकाळी पंपावर तासभर रांग असते.

इंजिनांची तपासणीही आठवडाभर आधी. गिअरकेसचं (पंख्याजवळच्या गिअरच्या पेटीचं) तेल थोडं काढून बोटांत चोळून बघा. दुधाळ दिसलं तर सील गेलंय आणि पाणी शिरलंय. ड्रेनच्या स्क्रूवरच्या लोहचुंबकाला काजळीसारखी मऊ भुकटी चिकटलेली असते, ती चालते. चिमटीत टोचणारा कण लागला तर रनला जाऊ नका. पंख्याच्या पात्यांच्या कडेवरून अंगठा फिरवा, डोळ्याला न दिसणारा खाचा अंगठ्याला कळतो. सकाळी धक्क्यावर जुनी मंडळी कॉफीचा कप एका हातात धरून दुसऱ्या हाताने हेच करताना दिसतील.

किल स्विचची, म्हणजे चालक जागेवरून पडला की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची, दोरी अंगाला लावल्याशिवाय थ्रॉटलला हात नको. १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींना तो केंद्रीय कायदाच आहे. तुमची २९ फुटी बोट त्यात येत नाही, म्हणून कोणी अडवणार नाही. तरीही लावा. कंबरपट्ट्याला किंवा जॅकेटच्या मजबूत कडीला, शर्टाच्या बटणाला नाही. आणि शेजारच्या माणसाला ती परत बसवून इंजिन चालू करता आलं पाहिजे, नाहीतर तुम्ही पाण्यात आणि बोट दोनशे फुटांवर तरंगत, अशी गत होते. फुगणारी जॅकेटं या वेगाला चालत नाहीत, पाण्यावर आपटताना फाटतात. वेगवान बोटींसाठी बनवलेली, फोमची, छातीला घट्ट बसणारी घ्या. तुमचा जन्म १ जानेवारी १९८८ किंवा त्यानंतरचा असेल तर फ्लोरिडाचं बोटिंग शिक्षणाचं कार्डही जवळ हवं. विम्याचे कागद वाचा, काही पॉलिसींत पोकर रन शर्यतीत धरतात. एजंटकडून लेखी उत्तर घ्या.

दारूचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण मी काढतो. थांब्यांवर बिअर फिरत असते. चालवणाऱ्याने परत धक्क्याला बांधेपर्यंत घ्यायची नाही. ज्या गटात याला हसतात तो गट सोडून दुसरा शोधा.

मुलीचं आणि वहिनींचं. नऊ वर्षांच्या मुलाची मान आणि पाठ या धक्क्यांना तयार नसते, सेंटर कन्सोलच्या दांड्या मोठ्यांच्या उंचीच्या असतात आणि पहिल्या रनला तुमचं निम्मं लक्ष मुलीकडे राहील. त्या लक्षाची गरज पाण्याकडे आहे. त्या दोघी यूएस-वन रस्त्याने दीडेक तासात की लार्गोला पोहोचतील, आणि तुम्ही धक्क्याला लागाल तेव्हा दोर धरायला उभ्या असतील. मुलीला ते जास्त आवडेल असं माझं अनुभवाचं मत आहे. तिथे तासभर नुसत्या बोटी बघता येतात. झाकणं उघडलेली असतात, ज्यांच्या इंजिनांची किंमत तुमच्या-माझ्या घराएवढी आहे असे लोक पोरांना उचलून आत दाखवतात, पंखा असाच का वाकलेला, हे गुडघ्यावर बसून समजावतात. माझी मुलगी अशाच एका धक्क्यावर अकरा वर्षांची असताना एका म्हाताऱ्या गृहस्थांशेजारी दोन तास बसली होती. आज ती नेव्हल आर्किटेक्चर शिकते. तुमच्या बोटीत शेजारी बसायला मात्र ज्याने अशा रन केल्या आहेत असा एक मोठा माणूस घ्या. मरीनात विचारलंत तर दोघे-तिघे लगेच तयार होतील.

ज्यूफिश क्रीकच्या तोंडाशी पाटी दिसली की सगळे हळू होतात. ताफा एकामागून एक, गुरगुरत, पुलाखालून आत जातो. ओठांवर मीठ साचलेलं असतं, कान अजून वाजत असतात. फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून लावायच्या गाद्या) आधीच बाहेर लटकवून ठेवा आणि बांधायची घाई करू नका. प्रवाह आणि वारा दोन्ही बघून, इंजिन गिअरमध्ये टाकत-काढत या. धक्क्यावर हात पुढे करणारा कोणीही असो, त्याच्याकडे दोर द्या. जेवणात काय झालं ते सगळं सांगा, चुकलात तेही. पुढच्या खेपेला कुठल्या गटात बसायचं ते तिथेच ठरतं.

घरी आल्यावर दोन्ही इंजिनांतून दहा मिनिटं गोडं पाणी सोडा, कितीही दमलात तरी.

रनच्या आधीच्या एखाद्या रविवारी सकाळी सातला तुमच्या मरीनावर येऊ शकतो. तेव्हा बे रिकामा असतो. वळणं आणि लाटा एकदा सोबत करून बघू, आणि गिअरकेसचं तेलही माझ्यासमोरच काढा.